कुवेतला गेलेली कात्री

आमच्या घरात बटण लावायची एक पद्धत होती. कोटाच्या चार भोकांच्या बटणाला बाकीचे शिंपी दोन समांतर टाके घालतात, नाहीतर फुली मारतात. आम्ही एका भोकातून उरलेल्या तिन्ही भोकांकडे दोरा न्यायचो. वरून ते कावळ्याच्या पावलासारखं दिसायचं. आजोबांनी हे सुरू केलं ते भांडकुदळ गिऱ्हाइकांसाठी, असं अप्पा सांगायचे. कुणी तुटकं बटण घेऊन तणतणत आलं की आजोबा चष्मा लावून कोटावरची उरलेली बटणं बघायचे आणि कावळ्याचं पाऊल दिसलं नाही की शांतपणे म्हणायचे, "हे बटण आमचं नाही." अप्पांनी तेच वाक्य उचललं होतं. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या अरुंद दुकानात ते रोज एकदा तरी ऐकू यायचं, आणि ऐकणारा हसायचाच.

आम्ही शिंपी. इकडे कधी आलो ते घरात कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुठल्याशा फौजेबरोबर आलो म्हणतात. फौजेला तंबू शिवणारे लागायचेच. घरात मराठी बोललो, पण वाचायचं-लिहायचं सगळं कन्नडात. अप्पा सातवी, आई तिसरी, भाऊ अण्णा दहावी नापास. मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन, आणि जयनगरच्या एका शाळेत शिक्षिका लागले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी लाजत सांगणार नाही, कारण अप्पाही कधी लाजले नाहीत. माप घेताना गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप असायची आणि अप्पा म्हणायचे, "आमची मुलगी डिग्री." गळ्याला टेप असल्यावर माणूस ऐकून घेतो.

अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कुवेतला एका टेलरिंगच्या दुकानात नोकरीला गेला तेव्हा अप्पांनी त्याला आजोबांची कात्री दिली. काळी, जड, कोट बेतायची कात्री. आमच्यात कात्री हातात देत नाहीत. देणारा कापड बेतायच्या फळीवर ठेवतो, घेणारा उचलतो. हातोहात दिली तर भांडण लागतं म्हणतात. अप्पांनी ती फळीवर ठेवली, अण्णानं उचलली, आणि अप्पा म्हणाले, "काहीही होऊ दे, कात्री सोडून घरी यायचं नाही." सगळे हसलो. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ती कात्री फळीच्या मधोमध असायची, बाकीची हत्यारं तिच्या भोवती. गेल्याच्या पुढच्या वर्षी अण्णा पूजेसाठी सुट्टी काढून आला होता, कात्री घेऊन. तेव्हाही हसलो होतो.

मग इराकनं कुवेत घेतलं. नव्वद सालचा ऑगस्ट महिना होता. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा कुवेत एक देश होता, आणि संध्याकाळी रेडिओवर तो एका प्रांतासारखा उच्चारला जात होता. अण्णाचा फोन समोरच्या मेडिकलमध्ये यायचा, महिन्यातून एकदा. तो यायचा थांबला. पत्रं थांबली.

पुढच्या आठवड्यांत आपल्या सरकारची विमानं जॉर्डनमधून माणसं आणू लागली. कुवेतहून बसनं बसरा, तिथून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून अम्मान, मग विमानानं मुंबई. मी हा मार्ग आईला इतक्या वेळा सांगितला की ती भाजी चिरताना तो पुटपुटायची, स्तोत्रासारखा.

सप्टेंबरात एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरचा शिंपी, कुवेतला अण्णाच्याच खोलीत राहायचा. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. आईनं त्याला आत बसवून पाणी दिलं. तो अप्पांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलत होता.

"बहन, हम सब बस में बैठ गए थे. तुम्हारे भाई भी. बाजू में मेरेच. फिर एकदम बोल्या, कैंची दुकान में रह गई. मैं बोल्या, छोड़ रे, इंडिया में कैंचियाँ नहीं मिलतीं क्या?"

"मग?" अप्पांनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "बोल्या, अप्पा बोले हैं, कैंची छोड़ के घर नक्को आना. दस मिनट में आता बोल के उतर गया. ड्रायव्हर नहीं रुका. मैं बहुत चिल्लाया, चाचा."

अप्पांच्या मांडीवर एक अर्धवट काजं केलेला शर्ट होता. त्यांनी सुई कापडात खोचली, शर्टाची घडी केली. त्या माणसाला म्हणाले, "तू आलास, बरं झालं. आईला भेटलास का तुझ्या?" तो हो म्हणाला. जाताना अप्पांनी त्याला स्वतःच्या चपला दिल्या.

त्यानंतर दुकानात "हे बटण आमचं नाही" ऐकू आलं नाही. कुणी तुटकं बटण आणलंच तर अप्पा काही न बोलता लावून द्यायचे.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला त्यांनी फळी नेहमीसारखी मांडली. टेप, खडू, अंगुस्तान, दुसरी लहान कात्री, इस्त्री. मधे वीतभर जागा रिकामी ठेवली. आईनं त्या जागेवर एक शेवंतीचं फूल ठेवलं. अप्पांनी ते लगेच उचललं.

"रिकाम्या जागेला फूल वाहत नाहीत. तो आहे."

"मी कुठं नाही म्हटलं?" आई म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी जेवणात गोड होतं. ते तसंच राहिलं.

युद्ध होणार की नाही यावर अख्खं बेंगळुरू बोलत होतं, कारण पेट्रोल महागलं होतं आणि रॉकेलच्या रांगा लांबल्या होत्या. दुकानात जयनगरचे एक निवृत्त बँक कारकून यायचे. कोटाचे भारी शौकीन. या शहरात कोट घालण्याइतकी थंडी पडते असा त्यांचा ठाम समज. ते कन्नडात बोलायचे, मी मराठीत सांगते आहे. "काळजी करू नका हो," ते अप्पांना म्हणायचे, "हे मोठे लोक स्वल्प ओरडतात, मग टेबलाशी बसतात. काय अक्का, तुमचा इतिहास काय म्हणतो?"

"इतिहास म्हणतो, सौदीत एवढं सैन्य नुसतं उन्हात बसायला कुणी नेत नाही," मी म्हटलं. अप्पांसमोर म्हटलं. मला खोटा धीर देता येत नाही, आणि अप्पांनी माझ्याकडून तो कधी मागितलाही नाही.

कुवेत सोडायला इराकला जानेवारीच्या मध्यापर्यंतची मुदत दिली होती. ती जवळ आली तेव्हा मी नकाशा काढला. कोटाचे पॅटर्न कापायचा खाकी कागद घेतला आणि शाळेतला अॅटलास समोर ठेवून शिंप्याच्या खडूनं सीमा आखल्या. वर इराक, खाली सौदी, मधे बटणाएवढं कुवेत. कागद फळीच्या मागे भिंतीवर टाचला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की अप्पा स्टुलावर बसायचे आणि मी पेपरात वाचलेलं, रेडिओवर ऐकलेलं कागदावर दाखवायचे. शाळेत मी मुलींना युद्ध शिकवायचे ते कारणं, घटनाक्रम, निर्णायक वळणं, परिणाम असं. अप्पांनाही तसंच शिकवलं. दुसरं मला येत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यात आपलं दुकान कुठं?" अण्णाच्या मालकाचं दुकान, ते त्याला आपलं म्हणायचे. मी शहराच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"एवढ्यात कुठं?"

"एवढ्यात दिसत नाही, अप्पा."

मग इराकवर हवाई हल्ले सुरू झाले. मेडिकलवाल्यांच्या घरी टीव्ही होता, तिथे आम्हाला बोलावलं. हिरवट अंधारात ठिणग्या वर जात होत्या. मेडिकलवाल्यांचा जावई म्हणाला, "एकदम दिवाळी आहे की!" त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं. आई उठली, पदर सावरला, आणि "दूध ठेवलंय चुलीवर" म्हणून निघून आली. दूध वगैरे काही ठेवलेलं नव्हतं.

नकाशासमोर अप्पांनी विचारलं, "पेपरात लिहिलंय, खिडकी सांगितली तर खिडकीतून बॉम्ब टाकतात. खरं?"

"तसं म्हणतात."

"मग चुकत नसतील."

"चुकतात, अप्पा. लोक मेलेत चुकून."

त्यांनी मान हलवली. "कापताना कितीही लक्ष दिलं तरी चुकतं. आणि मी तर त्याला तिथेच अडकवून ठेवलं." हे एकच वाक्य. बस, कात्री, त्यांचा शब्द, यावर ते त्या सगळ्या महिन्यांत एवढंच बोलले. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "पुढचं सांग."

पुढचं बरंच होतं. इराकनं इस्राएलवर क्षेपणास्त्रं टाकली, म्हणजे दुसऱ्यांनाही त्यात ओढायचं. इस्राएल युद्धात उतरलं नाही, तो डाव फसला. वाळवंटात इराकी सैन्य जमिनीत पुरून घेऊन बसलेलं आणि वरून महिनाभर विमानं. मग इराकनं कुवेतच्या तेलविहिरी पेटवल्या. दिवसा दिवे लावावे लागतात असं पेपरात आलं. अप्पांनी कुवेतच्या ठिपक्यावर बोट फिरवलं, बोटाला खडू लागला, तो त्यांनी धोतराला पुसला.

फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीवरची लढाई सुरू झाली. सगळ्यांना वाटलं समोरून हल्ला येणार, समुद्राकडून येणार. इराकी तोफा तिकडे तोंड करून होत्या. हल्ला करणारे आले ते डावीकडून, उघड्या वाळवंटातून, मोठा वळसा घालून. मी तो वळसा कागदावर ओढला. अप्पा पुढे वाकले.

"पुढून पक्की शिवण घातली," ते म्हणाले, "आणि बाजू उघडी ठेवली. असा कोट उसवणारच."

माझ्या पुस्तकांत याहून नीट कुणी लिहिलेलं मी नंतरही वाचलं नाही. त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "आता हे सैन्य शहरातून पळेल कुठल्या रस्त्यानं?" मी कुवेतहून उत्तरेला बसऱ्याकडे जाणारा रस्ता दाखवला. आमच्या घरी आम्ही तो आधीच पाठ केला होता. पहिल्या बसेस त्याच दिशेनं गेल्या होत्या. अप्पांना भीती होती की पळणारे जाताना माणसं बरोबर नेतील. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. त्या रस्त्यावर ट्रक, मोटारी, बसेस, सगळं जळून एकावर एक चढलेलं. आई फोटो कागदाशी डोळे नेऊन बघत होती. ती काय शोधत होती ते मला कळत होतं, म्हणून मी पेपर तिच्या हातातून काढून घेतला.

चौथ्या दिवशी कारकून मैसूरपाक घेऊन आले. "संपलं की हो! चार दिवसांत आटोपलं! अक्का, लिहा तुमच्या इतिहासात!"

अप्पांनी एक तुकडा घेऊन फळीवर ठेवला. "सरी, ठीक आहे. संपलं ते चांगलं झालं." मग मला मराठीत म्हणाले, "कागद काढून ठेव."

मी नकाशाची गुंडाळी करून पॅटर्नच्या कागदांत सारली. मार्च गेला, एप्रिल गेला. घरात दोन माणसं वयापेक्षा जास्त म्हातारी झाली.

मे महिन्यात एका सकाळी दाराशी रिक्षा थांबली आणि अण्णा उतरला. आईनं त्याला आधी ओळखलं नाही. शर्ट खांद्यावरून घसरत होता, आणि खोकला की रुमालात काळं यायचं. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, शिंपी बघतो तसं, कॉलर, छाती, कंबर, आणि नुसतं म्हणाले, "सगळंच आत घ्यावं लागेल." आई मग ओक्साबोक्शी रडली. अण्णानं पिशवीतून हिरव्या जाड कापडात गुंडाळलेली कात्री काढली आणि फळीवर ठेवली. अप्पांनी ती उचलली नाही. ते मागच्या मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

आम्हाला वाटलं, आता झालं. पण अण्णा मशीनवर बसला नाही. आठवडाभर नाही, महिनाभर नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला लागला. आई शेजारच्या अक्कांना सांगायची, "दमलाय हो, बसेल." अप्पा काहीच विचारत नव्हते. एकच प्रश्न त्यांच्याजवळ होता आणि तो विचारायची त्यांची हिंमत नव्हती. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बाप आणि मुलगा एका ताटाएवढ्या अंतरावर बसून जेवायचे आणि मीठ मागायचे ते माझ्याकडे.

पावसाळ्यात एका रविवारी अण्णाला कारखान्यातल्या खोक्यांसाठी खाकी कागद हवा होता. त्यानं गुंडाळी ओढली ती नेमकी नकाशाची निघाली. जमिनीवर पसरून बघत बसला. मी सांगू लागले: इथून हे आले, इथे हे अडकले. त्याचं बोट उत्तरेच्या रस्त्यावर थांबलं.

"हा कसला?"

"परतीचा रस्ता. तिथे जळालं सगळं. पेपरात फोटो होता."

"मी तिथे होतो," अण्णा म्हणाला.

तो बोलला ते असं. कात्री मिळाली, बस गेली. काही दिवस लपून राहिला. मग इराकी सैनिकांनी दुकान उघडायला लावलं. त्यांचे कोट फाटके, मापाचे नाहीत, बटणं तुटलेली. "पोरं होती गं. सतरा-अठराची. एक तर बाही लांब पडते म्हणून रोज यायचा. मी म्हटलं, दोन वर्षांत पुरेल, वाढशील. हसायचा." ते खजूर द्यायचे, रोटी द्यायचे, त्यावर तो जगला. एका रात्रीत ते सगळे निघाले, मिळेल त्या गाडीत बसून. नंतर शहर इराकच्या हातून सुटलं. रस्ता साफ करायला माणसं हवी होती, खायला देत होते, म्हणून अण्णा गेला.

"तोंडं ओळखू येत नव्हती," तो म्हणाला. "बटणं येत होती."

कागदाचं टोक वळत होतं, ते मी दाबून धरलं.

"कावळ्याचं पाऊल. हात आपोआप तसाच जातो ना. दुसरं कुठं येतंय मला?" त्यानं कागद पुन्हा गुंडाळला. "अप्पांना नको सांगू."

मी सांगितलं नाही. ते त्याचं होतं, त्यानंच सांगायचं होतं.

आयुधपूजेच्या सकाळी बसवनगुडीत हारांनी मढवलेल्या रिक्षा उभ्या होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडत होते. अप्पांनी फळी धुतली. मशीनला झेंडूचा हार घातला. मधली जागा ठेवली आणि अण्णाला हाक मारली. अण्णानं कात्री आणून तिथे ठेवली. अप्पांनी कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच थांबले.

"माझ्या शब्दासाठी उतरलास बसमधून?"

आईनं माझा हात धरला. मला वाटलं, अण्णा नाही म्हणेल. तेवढं खोटं कुणीही बोललं असतं.

"हो," तो म्हणाला. "आणि कात्री होती म्हणून खायला मिळालं. दोन्ही खरं आहे, अप्पा."

अप्पांचं बोट कात्रीकडे गेलं.

"तिला नको."

"का?"

"हिनं ज्यांच्या कोटांचे दोरे कापले ते सगळे मेले. रस्त्यावर पडले होते. बटणं बघून ओळखले मी."

बाहेर कोहळा फुटल्याचा आवाज आला, पोरं ओरडली. अप्पांनी फार हळू विचारलं, "आपलीच होती?"

"आपलीच."

अप्पांनी बोटावरचं कुंकू मशीनच्या चाकाला पुसलं. कात्रीला त्यांनी दोन्ही हात जोडले, कुंकू नाही, फूल नाही. मग उचलून ती सगळ्यात खालच्या खणात ठेवली. त्या दिवशी बाप-लेक जेवायला बसले तेव्हा अप्पांनी स्वतः अण्णाच्या ताटात मीठ वाढलं. अण्णा मशीनवर त्यानंतरही कधी बसला नाही, आणि अप्पांनी त्याला कधी बस म्हटलं नाही.

डिसेंबरात कारकून आपला नवा कोट न्यायला आले. घालून आरशासमोर फिरले, खिसे चाचपले, मग बटणांशी आले आणि थबकले. दोन समांतर टाके. कुठल्याही शिंप्याकडे असतात तसे.

"अहो!" ते हसत सुटले. वीस वर्षं ऐकलेला विनोद परत करायची संधी त्यांना मिळाली होती. "हे बटण तुमचं नाही!"

अप्पा खाली मान घालून दोरा ओवत होते.

"आमचंच आहे," ते म्हणाले. "आता असंच लावतो."